ढगे सरांच्या डब्यातले अकरा बार

उकंडराव ढगे यांनी पिस्तुलाच्या भोकाला नाक लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या वस्तूला तेलाचा वास यायला पाहिजे. याला दारूचा वास येत होता, फटाक्यातल्या दारूचा. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, तेलात बुडवला आणि भोकातून फिरवला. कापूस काळाकुट्ट निघाला. मग त्यांनी काडतुसांचा डबा उघडला आणि पलंगावर एकेक काडतूस उभं करून मोजलं. एकोणचाळीस भरली. मागच्या डिसेंबरात त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतःच्या हातानं 'पन्नास' लिहून ठेवलं होतं. "अकरा," सर स्वतःशीच म्हणाले आणि आधी उठून दाराला कडी लावून आले.

सोनाळ्याच्या शाळेत ढगे सर खेळाचे मास्तर होते. वय सत्तावन्न, निवृत्तीला पाच महिने. मूळ गाव वरवट बकाल, पण नोकरी, संसार आणि सातपुड्याच्या पायथ्याची तीन एकर संत्र्याची बाग हे सगळं सोनाळ्यातच झालं. कबड्डी शिकवणारे मास्तर पुष्कळ असतात. सरांची ओळख वेगळी होती. संस्थेच्या चार शाळांचं क्रीडासंमेलन दर डिसेंबरात भरायचं आणि त्यातली प्रत्येक शर्यत गेली एकोणतीस वर्षं ढगे सरांच्या बारानं सुटत आली होती. पांढरी पँट, लाल टोपी, उजवा हात आभाळाकडे ताठ. आज ज्यांची पोरं शाळेत होती ते बापही कधीतरी त्याच बारावर धावले होते. बार निघाला की मैदानाभोवतीच्या कडुनिंबांवरची पाखरं एकदम उठत आणि सरांना आतून बरं वाटे. कबूल करत नसत, पण वाटे.

ते पिस्तूल म्हणजे खरं हत्यार नव्हे. संस्थेच्या जुन्या सचिवांनी नागपूरच्या खेळसामानाच्या दुकानातून पावतीसकट आणलेलं, शर्यत सोडायचं पिस्तूल ते. नळीचं तोंड कारखान्यातच पोलादानं बुजवलेलं, त्यामुळे त्यातून गोळी जाणं शक्य नाही. काडतुसात नुसती दारू. ती पेटली की आवाज होतो आणि आग-धूर वरच्या भोकातून बाहेर पडतो. पण दिसायला अगदी खऱ्यासारखं, वजनालाही तसंच. म्हणून सरांनी त्याला जन्मभर खऱ्याचा मान दिला. निवडणूक लागली की परवानावाले लोक आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करतात. ढगे सरही करत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, नोटीस आलेली नव्हती. मोठ्या बागायतदारांच्या रांगेत सर फडक्यातलं पिस्तूल छातीशी धरून उभे राहत आणि हवालदाराकडून पोचपावती मागून घेत. हवालदार हसत हसत लिहून देई. अशा नऊ पोचपावत्या सरांच्या फायलीत होत्या, आणि हवालदार हसला कशाला याचा त्यांना दरवेळी नव्यानं संशय येत असे.

संशयाच्या बाबतीत सरांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहणार. शेजाऱ्यानं "जेवले काय सर?" विचारलं तर याला काय पाहिजे असेल याचा विचार करत चार घास कमी खाणार. शाळेच्या कपाटाला तीन किल्ल्या आहेत हे कळल्याच्या दिवशी त्यांनी पिस्तूल उचलून घरी आणलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागे. ती जागा आपल्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती.

आणि आता अकरा काडतुसं गेली होती.

एरवी सरांनी महिनाभर मनातल्या मनात तपास केला असता. पण तेवढा वेळ नव्हता. आठ दिवसांपूर्वी जवळच्याच एका गावात लग्नाच्या वरातीत कुणीतरी असल्याच आवाजाच्या पिस्तुलाचे दोन बार काढले होते. काढणारा नाचता नाचता नवरदेवाच्या मामाला खेटला आणि मामाचा गाल कानापर्यंत भाजला. गोळी नव्हती, तरी भाजला. काढणारा गर्दीत पसार झाला. त्याचा व्हिडिओ सगळ्या मोबाइलांवर फिरत होता. ठाण्यात नव्यानं आलेल्या ठाणेदार अनुपमा मॅडमनी सगळ्या शाळांना पत्र पाठवलं, की अशी वस्तू असेल तर सोमवारी कागदपत्रांसह आणून दाखवावी. मुख्याध्यापकांनी ते पत्र सरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ढगे सर, हे तुमचं तुम्ही पाहा." त्या पत्रामुळेच तर शनिवारी संध्याकाळी सरांनी पेटी उघडली होती.

ते बार आपल्या पिस्तुलाचे असतील तर? या प्रश्नानं सरांची झोप उडाली. पाच महिन्यांवर पेन्शन, आणि वस्तू त्यांच्या ताब्यातली, तीही शाळेत नाही, घरात. रविवारी दिवसभर त्यांनी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला. त्यात माणूस दिसत नव्हता, दिसत होता फक्त एक हात. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. दुपारी तीनच्या सुमाराला सर पलंगावर ताडकन उठून बसले. असं घड्याळ प्रसेनजित वापरतो.

प्रसेनजित हा शाळेतला दुसरा, तरुण खेळाचा मास्तर. देऊळघाटचा. शिक्षणसेवक म्हणून लागलेला, तीन वर्षं मार्चमध्ये पुरी होत होती, मग नोकरी कायम. बायको काजल, दीड वर्षाची मुलगी, भाड्याची खोली. त्याचे गुन्हे सरांनी मोजायला घेतले तेव्हा ते भराभर सापडत गेले. एक तर त्यानं स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, की आता बाहेर विजेच्या भोंग्यानं शर्यती सोडतात. दुसरं, दिवाळीत फराळाला आला तेव्हा "सर, एकदा पिस्तूल पाहू द्या ना," म्हणाला होता, आणि सर आतल्या खोलीतून ते फडक्यासकट घेऊन आले होते आणि लांबूनच दाखवून परत ठेवून आले होते. म्हणजे खोली कोणती ते त्याला कळलं. तिसरं, सर निवृत्त झाले की शर्यती सोडणार कोण? तोच. लग्नातले दोन बार, उरलेले नऊ सरावाचे. हिशेब चोख जुळत होता.

खरं पाहता काळ्या पट्ट्याचं घड्याळ शाळेतल्या निम्म्या मास्तरांच्या हातात होतं. भोंग्याची गोष्ट मुख्याध्यापकांनीही काढली होती. पण संशय जाऊन बसला तो प्रसेनजितवरच. त्याचं आडनाव ऐकून संस्थेतल्या काही लोकांच्या मनात जे येई, ते सरांच्याही मनात पहिल्या दिवशी येऊन गेलं होतं. आपल्या त्या सावधपणाला सर शिस्त म्हणत. स्वतःला त्यांनी याबद्दल कधी विचारलं नाही, आणि विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ऐकलं काय वं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "दिवाळीत तो प्रसेनजित आल्ता, तव्हा तो हात धुवाले आत गेल्ता काय?"

उत्तर आलं नाही. कोकिळाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बागेतून नुकत्याच आलेल्या, लुगड्यावर सरांचा जुना फुलशर्ट चढवलेला, शेतात वापरतात तसा. त्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर बारीक बारीक काळी भोकं पडली होती. पाणी तापवायच्या चुलीच्या ठिणग्या, सरांच्या मनात आलं आणि गेलं. कुकरची चौथी शिटी झाली, पाचवी झाली, तरी बाई हलल्या नाहीत. सरांनीच उठून गॅस बंद केला. गेला महिना-दीड महिना हे असंच चाललं होतं. काही विचारलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, टीव्ही मोठा लावायचा, आणि मध्येच "काय?" म्हणून तोंडाकडे पाहत राहायचं. काहीतरी मनात धरून बसली आहे, सरांनी ठरवून टाकलं होतं. त्याचाही तपास करायचा होता, पण तो प्रसेनजितच्या नंतर.

सोमवारी सकाळी सर फाईल, फडकं आणि डबा घेऊन ठाण्यात गेले. अनुपमा मॅडम पस्तिशीच्या, नाशिककडच्या. त्यांनी आधी पिस्तुलात काडतूस नाही ना ते उघडून पाहिलं, मग नळी उजेडाकडे धरली, तोंडातल्या पोलादावरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "इथं ड्रिल मारलेलं नाही. हे महत्त्वाचं. काही लोक हे तोंड उघडून घेतात, मग ते खेळणं राहत नाही, सरळ गुन्हा होतो."

"मॅडम, याला परवाना लागतो की नाही?" सरांनी एकोणतीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला.

"शाळेच्या या वस्तूबद्दल मी जिल्ह्याला लिहून विचारलंय. उत्तर येईपर्यंत ती ठाण्यात राहील. पण परवान्याचं काहीही असो, समोरच्याला ते खरंच वाटतं ना? भर रस्त्यात काढलं तर लोक पळत सुटतील. आणि जवळून तर हे भाजतं, डोळा घालवतं. त्या मामांचा गाल पाहिलात?" मग त्यांनी पोचपावत्यांची फाईल चाळली. त्या हसल्या नाहीत. त्यामुळे सरांना जास्तच धास्ती वाटली.

मॅडम उठून सरांच्या उजवीकडच्या कपाटाकडे गेल्या आणि तिथून काहीतरी बोलल्या. सर समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मॅडम परत समोर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी विचारलं, बार काढताना कानाला काय लावता?"

"काही नाही. सवय आहे," सर घाईनं म्हणाले.

इथं सरांची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती. आठ वर्षांपासून त्यांचा उजवा कान गेल्यात जमा होता. हात वर ताठ केला की पिस्तूल त्या कानापासून दीड-दोन हातांवर येई आणि दर संमेलनाला तीस-चाळीस बार निघत. आधी दिवसभर शिटी वाजल्यासारखं होई, मग ती शिटीही कमी झाली आणि त्या बाजूचे शब्दही. कळलं असतं तर संस्थेनं दुसरा माणूस नेमला असता. म्हणून सर नेहमी लोकांना डाव्या हाताला घेऊन बसत. संमेलनाआधी ते स्वयंसेवकांना पिस्तुलाचे नियम शिकवत, तेच घरी येऊन पुन्हा म्हणून दाखवत. समोर माणूस नको, आजूबाजूला वाळलं गवत नको, भोकावर बोट नको. त्यात कानात बोळे घालण्याचा नियम त्यांनी कधीच घेतला नाही. तो सांगितला असता तर कुणीतरी नक्की विचारलं असतं, सर, तुमचा कान कसा आहे?

मॅडमनी टेबलावर कोरा कागद ठेवला. "अकरा काडतुसं कमी आहेत असं तुम्हीच म्हणता. वस्तू तुमच्या घरात होती. तुमचा संशय कुणावर आहे ते उद्या सकाळपर्यंत लेखी आणून द्या, नाव घालून. मग आम्ही त्याला बोलावतो."

सर दुपारी शाळेत आले. प्रसेनजित मैदानावर फक्कीनं शर्यतीच्या रेघा मारत होता. त्यानं सरांना पाहिलं आणि हातातलं घमेलं ठेवून धावत आला.

"सर, ठाण्यात गेल्ते म्हंते. पिस्तूल ठेवून घेतलं काय त्याईनं?"

याला कसं कळलं? सरांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. नेमकं आजच नव्हतं. "घड्याळ कुठं गेलं तुहं?"

"घरी हाये, सर. पोरीनं पट्टा तोडला." प्रसेनजित जरा गोंधळला. मग म्हणाला, "पिस्तूल नाई भेटलं तं काई हरकत नाई. दोन फळ्या आपटून शर्यत सोडता येते. तुमी काळजी नका करू."

काळजी नका करू! सरांना त्यात सगळा कट दिसला. ते काही न बोलता घरी आले आणि लिहायला बसले. अक्षर सुरेख होतं त्यांचं. 'सदर काडतुसे माझ्या घरातून चोरीस गेली असून माझा दाट संशय माझे सहकारी श्री. प्रसेनजित यांच्यावर आहे.' पुढे दिवाळीचा फराळ, खोली, घड्याळ, पट्टा तुटल्याची सबब. हे पत्र ठाण्यात गेलं की संस्थेत जाणार आणि मार्चमध्ये त्याची नोकरी कायम होणार नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं. एकदा त्यांना त्याची दीड वर्षाची मुलगी आठवली. दिवाळीत ती सरांची लाल टोपी घालून सगळ्या घरात हिंडली होती. सर पाणी प्याले आणि त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं.

दिवे लागायच्या वेळेला कोकिळाबाई कणीक मळत बसल्या होत्या. सर त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले आणि कागद वाचून दाखवू लागले. काहीही लेखी देण्याआधी घरात वाचून दाखवायची त्यांची सवय होती. सल्ला घ्यायला नव्हे, अक्षर चांगलं आलंय हे कुणाला तरी कळावं म्हणून. बाई मान वळवून त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या.

"कोनाचं नाव लिवलं म्हने?" त्यांनी मध्येच विचारलं.

"प्रसेनजितचं."

"कोनाचं?"

"प्रसेनजितचं!" सर खेकसले. "अकरा काडतुसं चोरले त्यानं. तुले काई ऐकूच येत नाई काय?"

कोकिळाबाईंनी कणकेचे हात परातीच्या काठाला पुसले. "कापा ते नाव," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

"बार म्या काढले. अकराच्या अकरा."

सर हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं, ही त्या पोराला वाचवायला बोलते आहे. "तू? पेटीले कुलूप होतं. किल्ली कुठं असते माहीत हाये काय तुले?"

"घरातले देव रोज कोन पुसते?" बाई म्हणाल्या. "तीस वर्सं झाले मले पुसता पुसता. खंडोबाच्या टाकामांगं काय हाय ते मले माहीत नसंन?"

सरांच्या हातातला कागद खाली आला. सगळं गाव त्यांनी संशयात धरलं होतं. दूधवाला, शिपाई, मुख्याध्यापक, हवालदार. घरातलं दुसरं माणूस त्या यादीत कधी आलंच नव्हतं. बायकोवर फार विश्वास होता म्हणून नव्हे. ती असलं काही करू शकेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वानरं," बाई सांगू लागल्या. "पन्नास-साठचं टोळकं. फटाक्याले आता भेत नाई ते, डबे वाजोले तं झाडावरून पाह्यत बसतात. दोन झाडं एका सकाळी रिकामे केले त्याईनं. दसऱ्याच्या पयले तुमाले मांगितलं होतं मी पिस्तूल. तुमी म्हटलं, शाळेची वस्तू हाये, नियम हायेत. अन् अर्धा घंटा नियम सांगत बसले. मंग तुमी शाळेत गेले का मी नेत जाव. एका बारात समदे पळत, चार-पाच दिवस येत नसत."

"अन् कोनाले लागलं असतं तं? आग लागली असती तं?"

"काऊन लागंन? तुमी सांगतलं तसंच केलं समदं. समोर मानूस नसला तरी दोनदा पाह्यलं. गवत नसलेल्या जाग्यावर उभी राह्यली. भोकावर बोट नाई ठेवलं. काडतूस काढल्याबिगर पिस्तूल खाली नाई ठेवलं. अन् हात असा."

त्यांनी कणकेचा उजवा हात वर केला. खांद्यापासून ताठ, दंड कानाला लागलेला, नजर समोर. अगदी सरांसारखा. एकोणतीस संमेलनांना मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी तो पाहिला होता. बागेतला तो शर्ट आजही अंगात होता, आणि वर गेलेल्या हाताखाली खांद्यावरची काळी भोकं सरांना आता नीट दिसली.

सरांची नजर त्या दंडावरून तिच्या कानाकडे गेली. मग त्यांनी हळू विचारलं, "कानात काय घातलं होतं?"

"कानात?" बाईंनी हात खाली घेतला. "कानाचं तं तुमी कधी सांगतलंच नाई."

सर पाटावरून उठले आणि बाईंच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. तिथून त्यांनी रोजच्या आवाजात विचारलं, "ह्या कानानं ऐकू येते काय तुले?" बाई परातीकडे पाहत राहिल्या. सरांनी पुन्हा विचारलं. बाईंनी कणकेचा गोळा उलटा केला. तेव्हा सर उठून त्यांच्या डाव्या बाजूला आले आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"दिवाळीपासून कमी येते," बाई म्हणाल्या. "दिवसभर शिटी वाजत राह्यते आत. वाटलं, वयानं झालं असंन. तुमच्या उजव्या कानाचं नाई का झालं तसं?"

"तुले माहीत होतं?"

"आठ वर्सं झाले. तुमी कोनाले सांगत नव्हते, मंग मीबी नाई काढलं."

 शिटीचं कारण सरांना माहीत होतं. त्या घरात ते फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि आपली लाल टोपी जाऊ नये म्हणून त्यांनी ते दाबून ठेवलं होतं. एका वाक्याचं काम होतं. एवढे नियम शिकवले, तिनं एकूण एक पाठ केले, आणि जो तिचा कान वाचवणार होता तेवढाच त्यांनी ठेवून घेतला. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी तो कागद चुलीत घातला नाही, घडी करून खिशात ठेवला, आणि दुसरा कोरा कागद घेतला.

मंगळवारी दोघं ठाण्यात गेले. नव्या कागदावर लिहिलं होतं, की काडतुसे चोरीस गेलेली नाहीत, ती माझ्या घरच्या माणसाने बागेत वानरांवर आवाज करण्यासाठी वापरली, वस्तू घरी ठेवण्याची चूक माझी आहे, तसेच माझा उजवा कान आठ वर्षांपासून निकामी असून ही बाब मी लपवून ठेवली. मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्यांनी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं, कोकिळाबाईंकडून पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "सर, पहिला संशय कुणावर होता?" सर म्हणाले, "ज्याच्यावर होता त्यालाच सांगतो." लग्नातला पिस्तूलवाला त्याच दुपारी सापडला. तो एका वाजंत्री पथकातला होता आणि त्याचा सोनाळ्याशी काही संबंध नव्हता.

बुधवारी खामगावच्या कानाच्या डॉक्टरांनी बाईंना यंत्रावर बसवून तपासलं. पडदा शाबूत होता, आतली नस दुखावली होती. शिटी कदाचित कमी होईल, ते म्हणाले, पण गेलेलं ऐकू परत येईल अशी आशा धरू नका. परतीच्या एसटीत सर खिडकीची जागा सोडून मुद्दाम बाईंच्या डाव्या हाताला बसले. त्यामुळे त्यांचा स्वतःचा उजवा कान बाईंकडे आला आणि जळगाव जामोदपर्यंत दोघांचं नीट बोलणं होऊ शकलं नाही.

शनिवारी संमेलन होतं. पिस्तूल ठाण्यातून हवालदार घेऊन आला. शर्यती झाल्या की तोच परत नेणार होता, अशी मॅडमची अट होती. शर्यत कोण सोडणार हे मुख्याध्यापकांनी सरांना विचारलं आणि सरांनी प्रसेनजितचं नाव सांगितलं. चार शाळांची पोरं रेघेमागे उभी होती, मास्तर मंडळी खुर्च्यांवर होती. कोकिळाबाई निंबाखाली बसल्या होत्या.

सरांनी लाल टोपी काढून प्रसेनजितच्या हातात दिली. मग खिशातून तो पहिला, घडी केलेला कागद काढून दिला.

"हे म्या सोमवारी लिवलं होतं," ते म्हणाले. "तुह्या नावानं. देल्लं नाई, पन लिवलं होतं. तुले माहीत असाव."

प्रसेनजितनं कागद उघडला, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून परत दिला. तो सरांच्या उजव्या बाजूला उभा होता. तो काहीतरी बोलला, हळू. सरांना फक्त त्याचे ओठ हललेले दिसले.

आठ वर्षांत अशा वेळी सरांनी नुसती मान हलवली असती. आज ते खुर्च्यांवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इकडच्या बाजूनं ये बाबू. त्या कानानं मले ऐकू येत नाई. बार काढू काढू गेला तो."

खुर्च्यांवरचे मास्तर वळून पाहू लागले. प्रसेनजित त्यांच्या डाव्या बाजूला आला. त्यानं आवाज वाढवला नाही, पण तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मले माहीत होतं, सर. काडतुसं गेले म्हणून ऐकलं, त्याच दिवशी मी काजलले म्हटलं, पाह्यजो, माहंच नाव येईन."

 पाहणं अवघड झालं तरी सरांनी त्याच्यावरून नजर काढून घेतली नाही. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून कापसाची पुडी काढली, बोटांनी दोन बोळे वळले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"पयले हे घाल," ते म्हणाले. "मंग हात वर कर."